तुर्की हमामाविषयी खुलासा

इस्तंबूलच्या हमामात, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात, स्त्री-पुरुषांना एकाच हौदात विवस्त्र उतरावे लागते, हा सध्या फिरणारा दावा चुकीचा असून त्यामुळे अनेक जण एका सुंदर अनुभवाला मुकतात, याचे वाईट वाटते. वास्तुविशारद सिनान यांनी 1584 च्या सुमारास बांधलेल्या चेंबरलीताश हमामात मुळातच दोन स्वतंत्र विभाग आहेत. स्त्रियांना स्त्रियाच स्नान घालतात. कमरेला पेश्तेमाल नावाचा पंचा असतो. साधारणपणे तेथे हौद नसतोच, कारण साचलेल्या पाण्यापेक्षा वाहते पाणी शुद्ध मानले जाते: तापलेल्या संगमरवरी ओट्यावर घाम आल्यावर खरखरीत हातमोज्याने अंग चोळून तांब्याने पाणी ओततात. तुर्कस्तानातीलच बुर्सा शहरातल्या उष्ण झऱ्यांवरच्या स्नानगृहांत मात्र हौद असतात. पर्यटकांसाठीच्या काही हमामांत एकत्र प्रवेश असतो, तेव्हा आधी विचारावे.