एल्ड्रिज कुठेही गायब झाली नव्हती

भाचीने परवा एक व्हिडिओ पाठवला: "मामा, हे प्रकल्पवहीत लिहू का?" दावा असा की, 28 ऑक्टोबर 1943 रोजी अमेरिकी नौदलाने 'एल्ड्रिज' ही विनाशिका फिलाडेल्फियात अदृश्य केली, ती क्षणात दूरच्या नॉरफोक बंदरात उमटली आणि परतली तेव्हा खलाशी पोलादात चिणलेले होते. नाही, लिहू नकोस.

जहाजाची युद्धकाळातली रोजनिशी शाबूत आहे. अमेरिकी नौदलाच्या इतिहास विभागाने तिच्यावरूनच उत्तर दिलंय: 18 ऑक्टोबरला एल्ड्रिज बर्म्युडाहून न्यूयॉर्कला आली आणि 1 नोव्हेंबरपर्यंत तिथेच होती. हा किस्सा पत्रांतून पसरवणारा कार्ल ॲलन म्हणे 'अँड्र्यू फ्युरुसेथ' या मालवाहू जहाजावरून सगळं पाहत होता. ते जहाज 25 ऑक्टोबरलाच नॉरफोक सोडून अल्जेरियातल्या ओरान बंदराकडे निघालं होतं. 28 तारखेला ते भर समुद्रात होतं!

सगळ्यात संताप येतो तो व्हिडिओतल्या 'पुढची तोफ काढून जनित्रं बसवली' या वाक्याचा. एल्ड्रिज ही ताफ्यांची राखण करणारी छोटी विनाशिका. तिच्यावर 3 इंची तीन तोफा, विमानं पाडण्यासाठी 40 आणि 20 मिलिमीटरच्या तोफा, टॉर्पेडोच्या तीन नळ्या, मागे डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे पाणबुडीविरोधी बॉम्ब. शिवाय पुढच्या तोफेमागे हेजहॉग: दांड्यांवर बसवलेले 24 बॉम्ब जहाजाच्या पुढे उडायचे, समुद्रात गोलाकार पडायचे आणि पाणबुडीला धडकले तरच फुटायचे. नेम चुकला तर पाणी ढवळत नसे, त्यामुळे सोनारवरचा, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रावरचा, माग सुटत नसे. हीच एल्ड्रिज 1 नोव्हेंबरला यूजीएस-23 या जहाजांच्या ताफ्याच्या राखणीला निघाली, पुढे मोरोक्कोतल्या कासाब्लांकापर्यंत गेली. जर्मन पाणबुड्यांच्या वाटेवर तोफ उपटलेलं जहाज कोण धाडेल? की चार दिवसांत जनित्रं उतरवून तोफ परत बसवली?

या किश्श्यात आइनस्टाइन यांचं नाव आणि जहाजाभोवतीच्या ताराही येतात. आइनस्टाइन तेव्हा नौदलाचे सल्लागार होते, हे मान्य. पण काम स्फोटकांच्या सिद्धांताचं. जहाजांभोवती विजेच्या तारा गुंडाळत, हेही खरं. त्याने जहाजाचं चुंबकत्व मारलं जातं आणि चुंबकीय सुरुंगाला त्याचा पत्ता लागत नाही. माणसाच्या डोळ्याला ते जसंच्या तसं दिसतं.

आणि ते पोलादात चिणलेले खलाशी? एकाचंही नाव कुणी देत नाही. 1951 मध्ये अमेरिकेने एल्ड्रिज ग्रीसला दिली. 'लिऑन' नावाने ग्रीक नौसैनिकांनी ती 1992 पर्यंत चालवली आणि 1999 मध्ये ती भंगारात विकली गेली.