पॉज दाबा, अक्कल पाजळा

‘सिम्पसन्स’ हे अमेरिकी कार्टून बघायला कोणी घरी बोलावलं, तर आल्याआल्या रिमोट ताब्यात घ्या. चहा नंतर. बावीस मिनिटांचा भाग सव्वा तास चालला नाही तर तुम्ही दर्दी कसले! गेल्या रविवारी आमच्या मावसभावाने हा विक्रम आमच्याच सोफ्यावर, आमच्याच चकल्या खात केला. म्हणून हे मार्गदर्शन.

त्यातला पोरगा बार्ट १९८९ मध्ये, मालिका सुरू झाली तेव्हा, दहा वर्षांचा होता आणि आजही दहाचाच आहे, हे आत्ताच शोध लागल्यासारखं सांगा.

समोरचा हसला की लगेच थांबवा. बार्टच्या जिवावर उठलेल्या साइडशो बॉबच्या तोंडावर एकामागून एक दंताळं आदळतंय, बघणारा सोफ्यावर लोळतोय, नेमकं तेव्हा सांगा की हा भाग ‘केप फिअर’ची टिंगल आहे, आणि १९९१ चा तो सिनेमाही १९६२ च्या सिनेमावरून काढलेला. दंताळं तोंडावर आपटलं की हसायला त्याआधी दोन सिनेमे बघावे लागतात, हे आम्हा अडाण्यांना कुठून कळणार?

वीजकेंद्राच्या मालकाचा हुजऱ्या स्मिदर्स पहिल्यांदा दिसला त्या भागात त्याचा रंग वेगळा होता, हे दर भेटीत सांगा.

आता तारखा. १९९१ च्या भागात बार्टचे आईबाप होमर आणि मार्ज १९७४ साली शाळेत प्रेमात पडतात. २००८ च्या भागात तेच दोघं लग्नाआधीचे दिवस नव्वदच्या दशकात काढतात, होमरचा ग्रंज बँडसुद्धा असतो. ‘जुळत नाही!’ म्हणे भाऊराया. जुळेल कसं? पोरं वाढतच नाहीत, मग आईबापांचं तारुण्य दर काही वर्षांनी पुढे ओढावंच लागणार ना! तुला काय त्यांची पत्रिका बघायची आहे? १९९७ मध्ये मुख्याध्यापक स्किनर तोतया निघाला, आणि यावर पुन्हा कोणी बोललं तर त्याचा छळ होईल, असा न्यायाधीशाने तिथेच हुकूम दिला. बोलतो हा, छळ आमचा!

आणि कहर ऐका. त्याच वर्षीचा, होमर ज्याला आवाज देतो त्या पूची कुत्र्याचा भाग लावला होता. त्यात एक चाहता होमरसोबतच्या आवाज देणाऱ्या बाईला विचारतो, कार्टूनमधल्या उंदराने मांजराची एकच बरगडी दोनदा वाजवली, मग सूर दोन वेगळे कसे निघाले? याने तिथेच पॉज दाबला. ‘बघ, माझ्यासारखे लोक असतात.’ आणि पुढची वीस मिनिटं सिम्पसन्सच्या घराचा नंबर ७४२ कोणत्या भागात चुकलाय, यावर प्रवचन.

अरे शहाण्या, पुढचं वाक्य तरी ऐकायचंस! होमरच मध्ये पडून त्या चाहत्याला विचारतो, ‘जीनियस ॲट वर्क’ लिहिलेला शर्ट घालणारा माणूस सगळा वेळ पोरांचं कार्टून बघण्यात का घालवतो? तो बिचारा निमूट प्रश्न मागे घेतो. त्याला लाज होती. तुझ्यासाठीच लिहिलेला टोमणा होता तो, आणि तू त्यावरच पॉज दाबून बसलास.

ठेव तो रिमोट खाली. चकल्या संपव, आणि गप्प बस.