जमिनीखाली जगा म्हणे! आधी लाकडाचं बोला

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या व्हिडिओ गेममध्ये 'फक्त जमिनीखाली जगून दाखवतो' असं कुणी म्हटलं की सल्ल्यांचा पाऊस पडतो, आणि त्यातले निम्मे सल्ले 2021 च्या आधीचे असतात. 'वाय 11 ला खण, हिरेच हिरे.' (वाय म्हणजे उंचीचा आकडा.) अरे, 30 नोव्हेंबर 2021 ला गेमची 1.18 आवृत्ती आली, तळ उणे 64 वर गेला, हिरे आता उणे 59 च्या आसपास शोधायचे! 'दर 12 ब्लॉकला टॉर्च लाव, नाहीतर झोंबी येतील.' कशाला? टॉर्चचा प्रकाश अगदी शून्य असेल तिथेच आता मॉब (झोंबीसारखे शत्रू) स्पॉन होतात, म्हणजे उगवतात. सरळ बोगद्यात 25 ब्लॉकला एक टॉर्च पुरते. या जुनाट हिशोबापायी नवशिका दुप्पट टॉर्च उधळतो, आणि खाली नेमका टॉर्चचाच दुष्काळ.

कारण खरा वैरी क्रीपर हा फुटणारा राक्षस नाहीच, लाकूड आहे. हे कुणी आधी सांगत नाही! हाताने दगड फोडला तर हाती काही लागत नाही, पिकॅक्स (कुदळ) हवंच. वस्तू बनवायच्या टेबलाला 4 फळ्या, पिकॅक्सला 3 फळ्या आणि 2 काठ्या, म्हणजे तीन ओंडके. 64 टॉर्चना 16 कोळसे आणि 16 काठ्या, म्हणजे आणखी दोन ओंडके. दहा-बारा ओंडक्यांत सुरुवात निभते हो. पण सोबत ओकची दोन-तीन रोपं नसतील तर पुढे बोंब. 'पडक्या खाणींत फळ्या असतात की!' असतात. पण फळी भट्टीत घालून चारकोल (टॉर्चला कोळशाऐवजी चालणारा) होत नाही, त्याला ओंडकाच लागतो. आणि खाणीतला कोळसा वाय शून्याच्या खाली तयारच होत नाही. म्हणजे हिऱ्यांच्या लोभाने उणे 59 ला संसार थाटायचा आणि टॉर्चसाठी साठ ब्लॉक वर चढायचं. शिवाय तिथला डीपस्लेट, म्हणजे खोलातला दगड, फोडायला साध्या दगडाच्या दुप्पट वेळ. वा!

बरं, रोप आहे, तरी 'झाड वाढतच नाही' ही रड असतेच. वाढेल कसं? 5 बाय 5 ची खोली, 8 उंच, एवढं खणा. हे 200 ब्लॉक झाले. दगडी पिकॅक्स 131 ब्लॉकमध्ये मोडतं, तेव्हा दोन घेऊनच बसा. मधोमध माती टाकून रोप लावा. रोपाला प्रकाश किमान 9 लागतो. टॉर्चजवळ तो 14 असतो आणि प्रत्येक ब्लॉकमागे एकने घटतो. तरी लोक टॉर्च शोभेसाठी छतालगत टांगतात आणि रोपापाशी अंधार! जमिनीवर, रोपापासून दोन ब्लॉकवर लावा ना. आणि रोप लावून लांब खाणीत जाऊन बसलात तर तो भाग थांबलेलाच राहतो, झाड वाढत नाही. झोपून रात्र उडवली तरी वाढ पुढे सरकत नाही.

लश केव्ह (झाडोऱ्याची हिरवी गुहा) सापडली तर मात्र नशीब. अझेलियाचं झुडूप आपणहून कधीच वाढत नाही, बोन मील (हाडांचं खत) घालावं लागतं, तेही दर वेळी लागू पडत नाही. पण लागू पडलं की ओकचे ओंडके. तिथल्या मॉसवर (शेवाळावर) बोन मील टाका, गवत उगवतं, ते तोडत राहिलात की गव्हाचं बी मिळतं, म्हणजे पावाची सोय. बोन मील संपलं तर तोच मॉस कंपोस्टरमध्ये (खताच्या पेटीत) टाका, पुन्हा बोन मील. एवढी सोन्यासारखी गोष्ट सोडून लोक खाण्यासाठी सांगतात काय, तर 'मश्रूम लावा'.

मश्रूम! त्यांना प्रकाश 12 च्या वर चालत नाही, शेजारी टॉर्च लावली की उपटून पडतात. 9 बाय 9 च्या जागेत एका जातीचे पाच झाले की पसरणं बंद. एवढं करून बनवलेला स्ट्यू एकावर एक रचता येत नाही, एका वाडग्याला सामानाचा एक खण! नऊ वाडगे म्हणजे अख्खा हॉटबार (हाताशी असलेली खणांची पट्टी) गेला. तलवार कुठे ठेवायची, डोक्यावर? पावाचे 64 नग एका खणात बसतात. मग उतरण्याआधी चार गवताच्या काड्या तोडून बी खिशात टाकायला सांगताना यांच्या जिभेला काय होतं? उलट म्हणे 'झोंबी मार, गाजर मिळेल'. झोंबीकडून गाजर, बटाटा किंवा लोखंड यांपैकी काहीतरी एक पडायची शक्यता तिन्हींची मिळून 2.5 टक्के आहे. तोवर सडकं मांस खा, आणि दर पाचातल्या चार वेळा अर्धा मिनिट भूक आणखी भडकवून घ्या.