मध्यमेंदू झोपलेला नसतोच

उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. सोबत व्हिडिओ असतो: डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेली मुलगी पत्त्यांचे रंग ओळखते, मथळे वाचून दाखवते. मजकुराचं म्हणणं असं की डावा मेंदू तर्काचा, उजवा कल्पकतेचा, आणि दोघांना जोडणारा ‘मिडब्रेन’ बहुतेकांचा जन्मभर झोपलेला असतो. 5 ते 15 या वयात ठरावीक संगीत ऐकवून तो जागा केला की मूल डोळे झाकूनही वाचतं. त्यासाठी वर्ग आहेत आणि त्यांची फी हजारांत आहे. भरणारे आईवडील मुलाच्या भल्यासाठीच भरतात, म्हणूनच या दाव्यांचा एकेक करून समाचार घ्यायला हवा.

मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू हा डाव्या-उजव्या मेंदूंमधला पूल आहे, हे पहिलं विधानच चूक. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडतो तो कॉर्पस कॅलोसम, सुमारे 20 कोटी चेतातंतूंचा जाड पट्टा. मध्यमेंदू त्याच्या खाली, मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या टोकाला असतो. लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर.

तो झोपलेला असतो, हा दावा तर सगळ्यात घातक. आरशासमोर उभं राहून डोळ्यावर मोबाइलचा टॉर्च बाजूने क्षणभर मारून बघा. बाहुली झटकन बारीक होते. प्रकाशाची वर्दी मध्यमेंदूत पोचते, तिथूनच बाहुली आवळण्याचा हुकूम सुटतो आणि दुसऱ्या डोळ्याची बाहुलीही त्याच वेळी आवळते. अपघात विभागात बेशुद्ध रुग्ण आला की डॉक्टर पापणी उचलून बॅटरी मारतात, ते मध्यमेंदूचं काम शाबूत आहे का हेही बघण्यासाठी. डोळा फिरवणाऱ्या बहुतेक स्नायूंच्या नसा इथूनच निघतात. त्याच्या मागच्या बाजूला चार छोटे उंचवटे आहेत. वरचे दोन, काही हललं की नजर तिकडे वळवतात. खालचे दोन ऐकण्याच्या वाटेवरचं ठाणं आहेत. आतल्या काळसर पट्ट्यातल्या डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी मरत गेल्या की पार्किन्सन होतो, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो तो. आणि माणसाला जागं ठेवणारं चेतापेशींचं जाळंही इथून जातं. तिथे मोठी इजा झाली तर माणूस कोमात जातो. ज्याचा मध्यमेंदू खरोखर बंद आहे, ते मूल वर्गात येऊन बसूच शकणार नाही.

डावा तर्काचा, उजवा कल्पकतेचा, यात सत्याचा एक कण आहे. 1861 मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी बोलण्याचा संबंध डाव्या अर्धगोलाच्या पुढच्या भागाशी दाखवला. कॉर्पस कॅलोसम कापलेल्या रुग्णांवरच्या प्रयोगांसाठी अमेरिकी शास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांना 1981 चं नोबेल मिळालं. काही कामं एका बाजूला जास्त होतात, एवढंच यातून ठरतं. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये हजाराहून अधिक लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले. एखाद्या माणसाचा सगळा डावा किंवा सगळा उजवा मेंदू वरचढ असल्याचं त्यांना आढळलं नाही.

आता पट्टी. पाहायला प्रकाश डोळ्याच्या पडद्यावर पडावा लागतो. तिथून नस थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या ठाण्याकडे आणि पुढे डोक्याच्या मागच्या भागातल्या दृष्टिकेंद्राकडे संदेश नेते. पडद्यावर प्रकाशच पडला नाही, तर मध्यमेंदू कितीही तल्लख असला तरी त्याच्याकडे पाहायला काही उरत नाही. मग मुलगी वाचते कशी? नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी आणि गाल यांच्यात फट राहते, त्या फटीतून. व्हिडिओ पुन्हा लावा आणि कार्ड कुठे धरलंय ते बघा: छातीच्या खाली, जवळ, मान किंचित वर. तेच कार्ड कपाळासमोर धरा, हनुवटीखाली पुठ्ठा आडवा लावा, किंवा खोलीत पूर्ण काळोख करा. विवेकवादी कार्यकर्त्यांनी फट बुजवून अशा चाचण्या घेतल्या, तेव्हा वाचन थांबलं.

यात मुलाला दोष देऊ नका. पैसे भरून बसलेल्या आईवडिलांसमोर ‘मला काही दिसत नाही’ म्हणायचं धाडस सात वर्षांच्या पोराने कुठून आणायचं? फटीतून बघून वाहवा मिळाली की ते तेच करत राहतं, आणि खोटं बोलणं मोठ्यांच्या संमतीने अंगवळणी पडतं.

दृष्टिहीन मुलांनाही याने दिसू लागेल, असं काही जाहिराती सुचवतात. हे मला सहन होत नाही. दृष्टी जाण्याचं कारण बुबुळात, भिंगात, पडद्यावर, नसेत किंवा मेंदूच्या दृष्टिकेंद्रात असू शकतं, आणि उपचार त्या कारणावर ठरतो. एक डोळा ‘आळशी’, म्हणजे नजरेने कमजोर राहिलेला असेल तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, हा उपचार सात-आठ वर्षांच्या आत सर्वांत चांगला लागू पडतो. वर्गवाले मुलं बोलावतात तेही याच वयापासून. फी भरण्याआधी मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे नेऊन दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या.