दोन दिवसात संपणारं कोकण

आज डबा खाताना ऑफिसातला एकजण, नुकताच कोकणात जाऊन आलेला, मोबाईलवर सुरमईचे फोटो दाखवत म्हणाला, "मस्त आहे रे, पण दोन दिवसात संपतं तुमचं कोकण. बीच झाला, देऊळ झालं, थाळी झाली, मग करायचं काय?" मी हसलो. म्हणजे दात दाखवले, साहेब समोर बसले होते. पण ट्रेनमध्ये डोकं जे फिरलं ते डोंबिवली आली तरी फिरलेलंच, म्हणून हे लिहितोय. लांबलचक होणारे, कंटाळा येत असेल तर सरका पुढे.

अरे बाबा, गणपतीपुळ्याला दोन रात्री झोपलास ना? तिथून मालगुंड किती लांब? रिक्षावाल्याला जास्त भाडं सांगायची लाज वाटेल इतकं जवळ. तिथे केशवसुतांचं घर आहे. १८६६ चा जन्म, चाळिशीच्या आत गेला माणूस, पण मराठी कविता मुळापासून हलवून गेला. दहावीला ह्याच माणसाच्या कवितेचं रसग्रहण लिहून मार्क मिळवलेत आपण सगळ्यांनी, आणि त्याच्या दारावरून गाडी नेताना काच खाली करायची पण तसदी नाही. का, तर तिथे बनाना राईड नाही.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, अख्खी नोकरी रत्नागिरी डेपोला. आणि एवढ्या वर्षांत थिबा राजाच्या पॅलेसच्या आत पाऊल टाकलेलं नाही. मागच्या वेळी गाडी घेऊन गेलो तेव्हा मी मुद्दाम तिकडे वळवली तर म्हणाले, "काय बघायचंय आत? राजा तर गेला." तरी आले. हात मागे बांधून, डेपोत गाडी तपासत फिरायचे तसे एकेका खोलीतून फिरले. जांभा दगड, सागवान, खिडक्यांच्या रंगीत काचा, सगळं बघून झाल्यावर बाहेरच्या पायरीवर बसून मला विचारतात, "ह्याला भेटायला कोण यायचं रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून जेवढं माहीत होतं तेवढं सांगत बसलो. थिबा म्हणजे ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, १८८५ ला इंग्रजांनी राज्य घेतलं, १८८६ ला त्याला बायकापोरांसकट रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा बांधून झाला १९१० ला, त्याच्या आधी सगळी वर्षं बंगल्यांमध्ये. १९१६ ला वारला. बाबांनी हिशोब केला, "म्हणजे रिटायर व्हायच्या टायमाला क्वार्टर मिळालं म्हणायचं."

आणि आता ऐका, हे कुणी सांगितलं होतं का आपल्याला शाळेत? टिळक जन्मले रत्नागिरीत, १८५६ ला. टिळक आळीत ते घर आहे, बघता येतं. ह्याच टिळकांना इंग्रजांनी १९०८ ला शिक्षा करून पाठवलं कुठे, तर मंडालेला. मंडाले कुणाची राजधानी? थिबाची! म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत आणि रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेच्या तुरुंगात बसून गीतारहस्य लिहितोय, दोघं एकाच वेळी, सहा वर्षं. राजवाडा आणि टिळकांचं घर, दोन्ही एकाच गावात आहेत, रिक्षाने सकाळभरात होतात. हे बाबांना सांगितलं तर आधी म्हणाले, "म्युच्युअल ट्रान्सफर झाली की." आणि मग थोड्या वेळाने, "पण टिळक परत आले ना?" आले, १९१४ ला आले. "हा नाही गेला." नाही गेला, इथेच पुरलाय रत्नागिरीत. तर मग तिकडे पण जायचं. गेलो. आजूबाजूला वस्ती, मध्ये ती समाधी.

त्याची नात टूटू इथेच वाढली, मराठी बोलायची, रत्नागिरीतच म्हातारी होऊन वारली. एखादी वेब सिरीज काढली असती ह्याच्यावर कुणी तर सगळे धावत गेले असते सेल्फी काढायला.

तर हे असं आहे. आणि ह्यांचं कोकण दोन दिवसात संपतं.

घरी आल्यावर सहज मॅपवर अशा जागांचे रिव्ह्यू उघडले, ते उघडायला नको होते. एक स्टार. "एसी नाही." एक स्टार. "वीस मिनिटांत संपतं, मुलं बोअर झाली." अहो, मुलं बोअर झाली कारण तुम्ही गाडीतून उतरल्यापासून फोनवर बोलताय! हीच माणसं पॅरिसला जाऊन मोनालिसासमोर तासभर धक्के खातात, एवढीशी दिसते ती लांबून, आणि ग्रुपवर टाकतात की डोळ्यांचं पारणं फिटलं. तिकडे कळत नसलं तरी मान हलवायची. इकडे आपल्याच आजीचं जातं नि उखळ काचेमागे दिसलं की "ह्यात काय बघायचं, आमच्या गावी होतं." होतं ना? मग कुठे गेलं? भंगारवाल्याला दिलं तुम्ही, मला माहितीये, कारण आमच्याकडे पण तेच झालं.

बरं, मान्य करतो. बऱ्याच ठिकाणी माहितीचे फलक अर्धवट असतात, ट्यूबलाईट फडफडत असते, सरकारी असेल तर सोमवारी कुलूप. एका ठिकाणी (नाव नाही घेत) मला वहीत सही करायला पेनसुद्धा मिळालं नाही. पण माणसं आलीच नाहीत तर ट्यूब बदलणार कोण आणि कशासाठी, हा पण प्रश्न आहेच की.

चिपळूणला सगळे थांबतात, मिसळ खातात, हायवेला शिव्या देतात आणि निघतात. शिव्या द्याच, त्यात माझं पण अनुमोदन. पण तिथे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे, १८६४ चं. म्हणजे टिळक स्वतः आठ वर्षांचे होते तेव्हा हे वाचनालय सुरू झालं, नाव नंतर त्यांचं लागलं. २००५ च्या पुरात बुडालं, २०२१ च्या जुलैत परत बुडालं, पुस्तकांचा लगदा झाला, आणि तिथल्या लोकांनी परत उभं केलं. त्यांचं वस्तुसंग्रहालय पण आहे. हे लिहिताना राग जरा उतरला माझा. अशी माणसं आहेत अजून, आपण फक्त त्यांच्या गावावरून भर्रकन जातो.

महाडला रायगडाच्या रोपवेच्या रांगेत उभे राहतो, चवदार तळं मात्र गावातच आहे, २० मार्च १९२७ च्या बाबासाहेबांच्या सत्याग्रहाचं, तिथे पाच मिनिटं जायला गाडी वळत नाही. अलिबागला व्हिला घेऊन पडतो, पण तिथली चुंबकीय वेधशाळा १९०४ ची, मुंबईत विजेच्या ट्रामा धावायला लागल्या की कुलाब्याची यंत्रं चुकीचे आकडे दाखवतील म्हणून ती तिकडे नेली, हे कितीजणांना माहितीये? उठसूट आत सोडत नाहीत, ठीक आहे, पण निदान पोरांना सांगा तरी.

राजापूरकडे कशेळीला सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, कातळात कोरलेला हत्ती आहे. अठरा मीटरच्या आसपास लांब! आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, बाकीचे प्राणी. कुणी कोरला, कशासाठी, पत्ता नाही. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे अशा हौशी लोकांनी वर्षानुवर्षं उन्हातान्हात सडे पालथे घालून, गुराख्यांना विचारत अशी कितीतरी कातळशिल्पं शोधली, तेव्हा कुठे २०२२ ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नाव लागलं. तिकडे सावली नाही, दुपारी जाऊ नका, तळपाय भाजतील. बाबा तिथे त्या हत्तीला प्रदक्षिणा घालून आले आणि मला वाटलं आता काहीतरी म्हणतील ह्या हत्तीबद्दल, तर म्हणतात काय, "थिबाला हे दाखवलं असेल का कुणी? त्याच्याकडे पण हत्ती असतील की."

कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर आदिवासी कला आंगण आहे. एका घराने आपला गुरांचा गोठा रिकामा करून तिथे चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचं म्युझियम केलं. परशुराम गंगावणे, २०२१ ची पद्मश्री. रामायण-महाभारताचे प्रसंग, एकेक कागद पुढे करत गाऊन सांगायचे, देवळातून, पिढ्यानपिढ्या. हायवेपासून वाकडी वाट अशी काही नाही. गोव्याला जाणाऱ्या हजारो गाड्या तिथून जातात हो रोज. हजारो. जाऊ दे.

आणि हो, कुणीतरी म्हणेलच की लोक सुट्टीला आराम करायला जातात, इतिहासाचा तास घ्यायला नाही. बरोबर आहे. झोपा, खा, पाण्यात डुंबा, मी पण डुंबतो, सुरमई मला पण आवडते. फक्त बघायला काही नाही असं म्हणू नका. बघितलं नाही म्हणा. एवढंच.

त्या दिवशी रात्री जेवायला बसलो तर बाबांनी ताटातला बांगडा उलटा केला आणि परत सुरू, "तिकडे काय खात असतील रे हे लोक? आपलं तिखट झेपलं असेल का त्याला?" आई म्हणाली, आता पुरे तुमचा तो राजा. मी सांगितलं, तिकडे मासळी खातात, आंबवलेली पण खातात. त्यावर त्यांचं जरा समाधान झालं, म्हणाले, "मग ठीक आहे, मासळीला कमी पडला नसेल."

मे महिन्यात परत निघतोय, ह्या वेळी शिरोड्याला वि. स. खांडेकरांच्या शाळेकडे जायचंय आणि वेंगुर्ल्याची डच वखार, पडकी का असेना. गाडीत एक सीट रिकामी आहे. ऑफिसातल्या त्या सुरमईच्या फोटोवाल्याला पण विचारणार आहे, बघू. अट एकच, पुढची सीट बाबांची, आणि ओव्हरटेक कधी मारायचा ते तेच सांगणार.