चौथी खेप, तीच बॅटरी

डोकं फिरायची वेळ आलीय आता. इलेक्ट्रिक गाडी चौथ्यांदा सर्व्हिस सेंटरला सोडून आलोय आणि तक्रार तीच, चार्ज २८ टक्के दाखवतो आणि चढ लागला की एकदम ९ वर, स्क्रीनवर कासव (पॉवर कमी केल्याची खूण) येतं आणि गाडी रांगायला लागते. मागच्या महिन्यात खंबाटकी घाटात झालं हे, मागे ट्रक हॉर्न मारतोय, शेजारी आई, तिने माझा दंड इतका घट्ट धरला की नखांचे वळ संध्याकाळपर्यंत होते.

आणि हे लोक काय करतात तर लॅपटॉप जोडतात, अपडेट मारतात, एरर पुसतात, "झालं सर, चालवून बघा". अहो काय चालवून बघा! बॅटरी पॅकमध्ये सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले असतात, एक जरी कमजोर पडला तरी लोड आल्यावर त्याचं व्होल्टेज आधी कोसळतं आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, अख्ख्या पॅकची पॉवर कापते. उभ्या गाडीत ते दिसणारच नाही, चढावर न्या ना कुणीतरी!

वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी, माझे जेमतेम २२,००० झालेत. तरी जॉब कार्डवर प्रत्येक वेळी "दोष आढळला नाही". या वेळी तसं लिहिलेल्या कागदावर सही केली नाही मी. व्हिडिओ काढून ठेवलेत, उद्या १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावतोय, आणि तिथेही नाही झालं तर सरळ ग्राहक आयोग.