गरोदर स्त्रीच्या एचआयव्ही चाचणीला वेगळे दार कशाला?

गेल्या काही आठवड्यांपासून नागपुरातील महिला मंडळांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासणीत एचआयव्हीची चाचणी घालणे हा चांगल्या घरातील स्त्रियांचा अपमान आहे, ज्यांना धोका असेल त्यांनी स्वतंत्र केंद्रात जावे, एकत्र चाचणीने गुप्तता संपते, रक्त कशासाठी घेतले ते सांगितले जात नाही आणि आई बाधित निघालीच तर बाळ वाचत नाही, उलट औषधांनी त्याला अपायच होतो, असा त्याचा आशय आहे. मी समुपदेशक आहे. हीच वाक्ये आता तपासणीला आलेल्या स्त्रियांच्या तोंडून ऐकू येऊ लागल्यामुळे त्यांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण खरी भीती तिथे आहे. काहीच उपचार न झाल्यास गर्भारपण, प्रसूती आणि स्तनपान मिळून बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते, म्हणजे उपचारांविनाही प्रत्येक बाळ बाधित होत नाही. आईने औषधे वेळेत सुरू करून नियमित घेतली आणि जन्मानंतर बाळालाही ठरलेले औषध मिळाले, तर ही शक्यता 5 टक्क्यांच्या खाली येते. क्युबाला 2015 मध्ये आणि थायलंडला 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आईकडून बाळाला होणारी लागण रोखल्याचे प्रमाणपत्र दिले, ते याच उपायांच्या बळावर. भारतातही 2014 पासून प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला, तिच्या सीडी4 पेशींची (एचआयव्ही ज्या रोगप्रतिकारक पेशी नष्ट करतो त्यांची) संख्या कितीही असली तरी, आयुष्यभराचे उपचार सुरू करण्याचे धोरण आहे.

औषधांच्या अपायाची शंका निराधार नव्हती, हेही सांगायला हवे. डोल्युटेग्राविर या एचआयव्हीवरील औषधाने बाळाच्या मज्जारज्जूत व्यंग येते की काय, असा प्रश्न 2018 मध्ये बोत्स्वानातील नोंदींवरून उभा राहिला होता. पुढे अधिक प्रसूतींची माहिती जमली, तेव्हा ती काळजी टिकली नाही, आणि 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर स्त्रियांसाठीही त्याची शिफारस केली. संदेशात फक्त पहिला अर्धा भाग उचलला आहे.

‘चांगल्या घरातील’ या शब्दांनी मात्र मन विषण्ण होते. एकाच पुरुषाशी, आपल्या नवऱ्याशीच संबंध असलेल्या कितीतरी स्त्रियांना लागण त्याच्याकडूनच होते, आणि वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण दिसत नसल्यामुळे दोघांनाही ते ठाऊक नसते. अशा स्त्रीला ‘तुला धोका आहे का’ असे विचारले, तर ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल आणि चाचणीतून निसटेल.

गुप्ततेचे म्हणाल, तर तपासणीचा दिवस जवळून पाहा. हिंगण्याकडून दिवसाची मजुरी बुडवून सासूबरोबर आलेली बाई वजन करते, रक्तदाब मोजून घेते आणि हिमोग्लोबिनसाठी बोट पुढे करते. त्याच टोचणीतला रक्ताचा एक थेंब पट्टीवर पडला आणि काही मिनिटांत निकाल दिसला, तर रांगेतल्या कोणालाही काही कळत नाही. तिलाच एकटीला वेगळ्या इमारतीतील एचआयव्हीची खूण असलेल्या लाल फितीची पाटी लावलेल्या खोलीकडे पाठवले, की सासू पहिला प्रश्न विचारते, ‘तिकडं कशाला?’ काही जणी त्या प्रश्नापायी तिथे पोहोचतच नाहीत. पट्टीवर लागणीचा संकेत देणारी दुसरी रेघ उमटली, म्हणजे निदान पक्के झाले असे मुळीच नाही. त्याची खात्री एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात आणखी चाचण्या करूनच होते. स्वतंत्र केंद्राचे खरे काम ते आहे.

संदेशातील एक तक्रार मात्र मला मान्य आहे. गर्दीच्या दिवशी रक्त आधी घेतले जाते आणि कशासाठी घेतले ते नंतर, कधी कधी तर कधीच सांगितले जात नाही. एचआयव्ही व एड्सविषयीचा 2017 चा कायदा, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, माहिती देऊन संमती घेण्याचे आणि निकाल गुप्त ठेवण्याचे बंधन घालतो. त्यासाठी दोन मिनिटे बोलणारे माणूस आणि दार लावता येईल अशी खोली हवी, आणि तपासणीच्या दिवशी ती मिळावी म्हणून आपण सगळ्यांनी आग्रह धरायला हवा. चाचणीच काढून टाकल्याने ती स्त्री अधिक सुरक्षित होत नाही.

एकत्र सेवेचा उपयोग प्रसूतीनंतर तर अधिकच जाणवतो. औषध घेणाऱ्या आईने पहिले सहा महिने केवळ अंगावर पाजावे, असा सल्ला असतो. आपल्याकडे मात्र मधाचे बोट आणि घुटी पहिल्याच आठवड्यात येते, आणि हे मिश्र पोषण बाळाचा धोका वाढवते. ही गोष्ट आजीला पटवू शकते ती घरी येणारी, सगळ्या बाळंतिणींना हेच सांगणारी आशाताई. सहाव्या आठवड्यात बाळ लसीसाठी येतेच. त्याच खेपेला, त्याला लागण झाली आहे का हे पाहण्यासाठी, त्याच्या टाचेतून काढलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून प्रयोगशाळेत पाठवता येतात आणि आईला त्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा मजुरी बुडवावी लागत नाही.